देव दुःख सोसतो का? त्रैक्य आणि वधस्तंभ यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, हे प्रश्न नव्याने येतात. उपासनेनंतर चहाच्या टेबलाशी, रविवारच्या प्रौढ वर्गात आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर. पुण्यातल्या आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) नगरकडून आलेली जुनी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) घराणी आहेत, कॅथलिक सुना आहेत, मलयाळी शेजारी आहेत. त्यामुळे एका प्रश्नाला तीन चालींत उत्तरं ऐकू येतात. मी पाळक नाही, वर्ग घेते इतकंच. जिथे मत माझं आहे तिथे तसं सांगितलंय. घाईत असाल तर ४, ६ आणि ११ वाचा.

१. त्रैक्य म्हणजे तीन देव नाहीत, मग तीन काय आहेत?

देव एकच आणि देवपणही एकच. ते तिघांत वाटून घेतलेलं नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या प्रत्येकात ते पूर्णच्या पूर्ण आहे. तरी पिता म्हणजे पुत्र नव्हे आणि पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे हे इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत ठरलं. पवित्र आत्म्याबद्दलचा भाग ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडला जातो. आपण प्रभुभोजनाच्या उपासनेत उभं राहून जो निकीय मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणतो तो या दोन्हींचा मिळून.

अडचण 'व्यक्ती' या शब्दाची आहे. मराठीत तीन व्यक्ती म्हटलं की तीन आधार कार्डं डोळ्यांपुढे येतात: तीन मनं, तीन मर्जी, कदाचित तीन मतभेदसुद्धा. मूळ ग्रीक आणि लॅटिन शब्दांत तेवढं काही भरलेलं नव्हतं. 'त्रैक्य' हा शब्द बायबलात नाही हे खरं, पण मत्तय २८:१९ मध्ये तिघांचा उल्लेख असूनही 'नाव' एकवचनात आहे, ते बघून ठेवा.

२. संडे स्कूलमध्ये पाणी, बर्फ आणि वाफ हे उदाहरण शिकवलं होतं. ते बरोबर आहे ना?

नाही. मीही बरीच वर्षं तेच शिकवलं, त्यामुळे दोष देत नाही. एकच पाणी आधी बर्फ होतं, मग वाफ होतं. एका वेळी तिन्ही होत नाही. म्हणजे देव एकच आणि त्याने पाळीपाळीने तीन सोंगं घेतली, असा अर्थ निघतो. तिसऱ्या शतकात सॅबेलियस या माणसाच्या नावावर हाच विचार चिकटला. 'एकच बाई आई, बायको आणि मुलगी असते' या उदाहरणाची तीच गत.

अटकेआधी येशूने गेथशेमाने बागेत प्रार्थना केली, तिथे हे उदाहरण कोसळतं. 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असं येशू कोणाला म्हणतोय? पुत्र हे पित्याचंच दुसरं सोंग असेल तर ती प्रार्थना निव्वळ नाटक ठरते. दुःखाचा सगळा वाद इथूनच सुरू होतो. पुढचा भाग प्रश्न ४ मध्ये.

३. मैत्रीण म्हणते, हे आमच्या दत्तासारखंच झालं. तिला काय सांगू?

आधी हे सांगा की तिने चांगला प्रश्न विचारलाय. दत्ताच्या रूपात ब्रह्मा, विष्णू आणि महेश एकत्र येतात अशी श्रद्धा आहे, आणि उत्पत्ती, स्थिती, लय अशी तिघांची कामं सांगितली जातात. त्रैक्यात कामांची अशी वाटणी नाही. जगाच्या बाबतीत जे काही होतं ते तिघांचं मिळून एकच काम असतं. फरक आहे तो फक्त नात्याचा: पिता कोणापासून नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला, आत्मा पित्यापासून निघणारा. आपल्याकडच्या शब्दांत हे मांडायचे प्रयत्न झालेत. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये त्रैक्याला 'सच्चिदानंद' म्हणून वंदन केलं. मला तो शब्द सुंदर वाटतो. पण सत्, चित् आणि आनंद एकमेकांशी बोलत नाहीत, आणि शुभवर्तमानात पिता नि पुत्र बोलतात.

४. देव एकच, तर मग वधस्तंभावर बापच मेला असं का म्हणायचं नाही?

म्हणून पाहिलंय लोकांनी. दुसऱ्या शतकाच्या शेवटी स्मुर्ण्याचा नोएटस आणि रोममध्ये प्रॅक्सियस यांचा हिशेब सरळ होता: ख्रिस्त देव आहे, देव एकच आहे, तेव्हा दुःख सोसलं ते पित्यानेच. या मताला पितृदुःखवाद म्हणू. उत्तर आफ्रिकेतल्या टर्टुलियनने इ.स. २१३ च्या सुमारास प्रॅक्सियसविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात टोमणा मारला की या गृहस्थाने सैतानाची दोन कामं एकदम केली: पवित्र आत्म्याला हाकलून लावलं आणि पित्याला वधस्तंभावर दिलं. त्रैक्यासाठी 'ट्रिनिटास' हा लॅटिन शब्द रुळवणाऱ्यांपैकी हाच टर्टुलियन.

मंडळीने हे मत नाकारलं ते बाप दगडासारखा आहे म्हणून नव्हे. नाकारलं कारण त्यात पुत्रच नाहीसा होतो. ज्याला पाठवलं तो आणि ज्याने पाठवलं तो एकच असेल तर 'देवाने आपला पुत्र दिला' या वाक्यात दिलं कोणी आणि कोणाला? 'कोणी सोसलं?' हा एक प्रश्न आणि 'कसं सोसलं?' हा दुसरा. लोक दोन्हींची गाठ मारतात आणि मग ती सुटत नाही. पहिल्याचं उत्तर इथे झालं: पुत्राने. दुसऱ्याचं प्रश्न ६ मध्ये.

५. देव दुःखी झाला असं बायबलच सांगतं. मग देव निर्विकार कसा?

सांगतंच. उत्पत्ती ६:६ मध्ये देवाच्या मनाला खेद होतो. होशेय ११:८ मध्ये एफ्राइमला (म्हणजे इस्राएलला) सोडून देण्याच्या कल्पनेनेच त्याचं हृदय आतल्या आत उलटतं. उलट बाजूला मलाखी ३:६ आहे, 'मी बदलत नाही', आणि गणना २३:१९ आहे: देव पस्तावायला मनुष्य नाही. दोन्ही बाजूंची वचनं खिशात घेऊन भांडायला येणाऱ्यांची पुण्यात कधी टंचाई नव्हती.

'निर्विकार' या शब्दानेच निम्मा घोटाळा केलाय. रोजच्या बोलण्यात 'निर्विकार चेहरा' म्हणजे ज्याला काही वाटत नाही असा चेहरा. शास्त्रातला निर्विकार म्हणजे ज्याच्यात विकार, म्हणजे बदल किंवा बिघाड, होत नाही असा. जुन्या आचार्यांना दुसरा अर्थ हवा होता. त्यांच्या आजूबाजूचे ग्रीक देव रुसायचे, जळायचे, कोणाच्याही नादी लागायचे. आपला देव तसा नाही. त्याच्यावर बाहेरून काही कोसळत नाही, त्याचं प्रेम कोणी कमी-जास्त करू शकत नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. अँग्लिकन मंडळीच्या ३९ कलमांत पहिल्याच कलमात देवाला शरीर, अवयव आणि विकार नाहीत असं आहे. ती कलमं १५७१ मध्ये पक्की झाली, आणि आमच्या जुन्या पुणेकर घराण्यांच्या कानांत ती अजून आहेत. चूक झाली ती पुढे, लोकांनी पहिलाच अर्थ धरला तेव्हा.

एक गंमत सांगते. यशया ६३:९ मध्ये 'त्यांच्या सर्व दुःखात तो दुःखी झाला' असा अर्थ आपण वाचतो. हिब्रू मजकुरात तिथे 'लो' असा उच्चार आहे. तो एका अक्षराने लिहिला तर 'त्याला' आणि दुसऱ्याने लिहिला तर 'नाही'. लिहिलेलं एक आणि परंपरेने वाचायचं दुसरं, अशी ती जागा आहे. म्हणून एका वचनावर सगळा डोलारा उभारू नका, माझ्या बाजूचं वचन असलं तरी.

६. येशू रडला, त्याला तहान लागली. ते देव रडला की माणूस रडला?

येशू रडला. उत्तर टाळत नाहीये. उत्तरच ते आहे.

आपण म्हणतो, 'माझा गुडघा दुखतोय.' दुखणं गुडघ्यात आहे. पण रात्रभर जागं कोण असतं? गुडघा नव्हे, मी. आता 'दुखणाऱ्या' आणि 'सोसणाऱ्या' अशा दोन बायका घरात राहतात का? नाही. पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या सिरिलने देह आणि जीव यांचं असंच उदाहरण दिलं होतं. दुःख मानवी स्वभावात, म्हणजे माणूसपणात, झालं, पण तो मानवी स्वभाव ज्याचा, तो देवाचा पुत्र. त्याच्याखेरीज तिथे दुसरा कोणी माणूस नव्हता. म्हणून देवाच्या पुत्राने देहात दुःख सोसलं हे सिरिलने ठासून सांगितलं आणि ते न मानणाऱ्याला शापवचन लावलं. त्याचबरोबर त्याचं देवपण घायाळ झालं नाही, हेही तो सांगतो. 'दुःखातीत राहून दुःख सोसलं' असं त्याचं म्हणणं. ऐकायला कोडं वाटतं, पण दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा इग्नेशियस जवळपास हेच लिहून गेला होता.

४५१ मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेने या शिकवणीला चार कुंपणं घातली: देवपण आणि माणूसपण असे दोन स्वभाव, पण मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, वियोग नाही. त्यामुळे 'देवाला तहान लागली' हे वाक्य चालतं, कारण ज्याला तहान लागली तो देव आहे. 'देवपणाला तहान लागली' हे चालत नाही. प्रेषितांची कृत्ये २०:२८ मध्ये देवाच्या स्वतःच्या रक्ताचा उल्लेख येतो तो याच चालीने, आणि १ करिंथ २:८ मध्ये 'गौरवाच्या प्रभूला' वधस्तंभावर देतात तेही.

७. देव मेला म्हणता, तर ते तीन दिवस जग कोण चालवत होतं? (कोंढव्यातल्या एका शेजाऱ्याचा प्रश्न, दर वर्षी.)

मरणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. माणसाचं मरण म्हणजे देह आणि जीव यांची ताटातूट. ती पुत्राने खरोखर भोगली, आपल्या मानवी स्वभावात. त्याचं देवपण त्या देहात डांबलेलं नव्हतंच. चौथ्या शतकात अथनेशियसने हेच लिहिलं: शब्द (म्हणजे देवाचा पुत्र) देहात होता, तरी सगळ्या सृष्टीला जीवन देणं त्याने थांबवलं नाही. गव्हाणीतलं बाळ असतानाही नाही. शेजाऱ्याला हे पटेल असं नाही. पण आपण काय म्हणत नाही, एवढं तरी त्याला कळेल. बाकी प्रश्न ६ वाचूनच त्याच्याशी बोला.

८. कॅथलिक जाऊबाई मरियेला 'देवमाता' म्हणते. देवाला आई कशी?

हाच वाद ४३१ मध्ये इफिसच्या परिषदेत झाला. कॉन्स्टँटिनोपलच्या नेस्तोरियसला तो शब्द टोचत होता. 'ख्रिस्तमाता' म्हणा, असं त्याचं म्हणणं. पण आई स्वभावाला जन्म देत नाही, कोणाला तरी जन्म देते. मरियेच्या पोटी आला तो देवाचा पुत्र. 'देवमाता' नाकारलं की 'देवाचा पुत्र मेला' हेही हातचं जातं. जाऊबाईंशी जपमाळेवरून जे काय भांडायचं ते भांडा, या शब्दावरून नको.

९. केरळच्या सिरियन परंपरेतल्या मलंकरा मंडळीत 'पवित्र देवा' म्हणताना 'आमच्यासाठी वधस्तंभावर खिळलेल्या' असं जोडतात. हा पितृदुःखवाद नाही का?

नाही, आणि त्यामागची कथा सांगण्यासारखी आहे. पुण्यात मलयाळी मंडळ्या बऱ्याच. खडकीला तर मलंकरा कॅथलिक धर्मप्रांताचं मुख्यालयच आहे. त्यामुळे लग्न-बाप्तिस्म्याला जाऊन आलेला कोणीतरी हमखास हा प्रश्न घेऊन येतो.

'पवित्र देवा, पवित्र समर्था, पवित्र अमर्त्या, आमच्यावर दया कर' ही जुनी तिहेरी स्तुती. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अंत्युखियाचा मुख्य बिशप (पॅट्रिआर्क) पीटर याने तिच्यात 'आमच्यासाठी वधस्तंभावर खिळलेल्या' हे शब्द घातले. या पीटरला लोक 'परीट' म्हणत, कारण लोकर धुण्या-खळण्याचा त्याचा धंदा होता असं सांगतात. कॉन्स्टँटिनोपलमध्ये ही स्तुती त्रैक्याला उद्देशून म्हणत, म्हणून तिथल्यांना वाटलं की हे तर अख्ख्या त्रैक्याला वधस्तंभावर देतायत! सिरियातल्या चालीत मात्र ती फक्त ख्रिस्ताला उद्देशून होती. शब्द तेच, ऐकणारा निराळा. ५१२ मध्ये बादशहा अनास्तासियसच्या काळात ही जोड कॉन्स्टँटिनोपलमध्ये म्हटली गेली आणि शहरात दंगल उसळली. गाण्याच्या एका ओळीवरून आमच्या मंडळीतही माणसं वर्षभर बोलेनाशी झाल्याचं मी पाहिलंय, पण जाळपोळ नाही झाली.

त्याच सुमारास, ५१९ मध्ये, सिथियातले काही संन्यासी आपलं वाक्य घेऊन राजधानीत आले: 'त्रैक्यातल्या एकाने देहात दुःख सोसलं.' शब्द मोजून घ्या. 'त्रैक्याने' नाही, 'त्रैक्यातल्या एकाने', आणि 'देहात'. आधी सगळ्यांनी त्यांना झटकलं. पोप हॉर्मिस्दासला तर त्यांचा वैताग आला होता. पण ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या परिषदेने जवळजवळ तेच वाक्य उचललं, आणि देहात वधस्तंभावर खिळलेला येशू त्रैक्यातला एक आहे हे जो मानत नाही त्याला बाहेर काढलं. जुन्या मंडळीला देवाच्या दुःखाची भीती वाटत होती, असं हल्ली फार सहज लिहिलं जातं. त्या एका वाक्यासाठी ती किती भांडली ते बघा.

१०. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' त्या क्षणी त्रैक्य तुटलं का?

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीनच्या उपासनेत वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी या चौथ्याचा संदेश ज्याच्या वाट्याला येतो त्याची मला दया येते. अर्धे वक्ते 'पित्याने तोंड फिरवलं, त्रैक्याला तडा गेला' असं सांगून बसतात. मत्तय नि मार्क असं सांगत नाहीत. त्रैक्य म्हणजे तिघांची भागीदारी नव्हे की मोडता येईल. ते तुटलं तर देवच उरत नाही. येशू इथे स्तोत्र २२ ची पहिली ओळ उच्चारतो, आणि त्याच स्तोत्राच्या २४ व्या ओवीत देवाने पीडिताला तुच्छ लेखलं नाही, त्याच्यापासून तोंड लपवलं नाही, असं आहे. म्हणून आरोळी खोटी ठरत नाही. त्याने माणूस म्हणून तो काळोख तळापर्यंत भोगला, आणि भोगतानाही हाक 'माझ्या देवा' अशीच मारली.

११. पण बापाला काहीच वाटलं नाही का?

हा प्रश्न मला कागदावर आला नाही. उत्तम शुक्रवारची उपासना संपली होती, दगडी पायऱ्या तापल्या होत्या, लोक सावली धरून रिक्षांची वाट बघत होते. आमच्यातल्या एक आजी गायनाचं पुस्तक रुमालात गुंडाळत माझ्याजवळ आल्या. आदल्या पावसाळ्यात त्यांचा मुलगा हायवेवर गेला. त्या म्हणाल्या, "तीन तास पोराचं ऐकलं. त्याच्या बापाबद्दल एक शब्द कोणी बोललं नाही." मी त्यांना माझी पाण्याची बाटली दिली. उत्तर नव्हतं.

विसाव्या शतकात हाच प्रश्न पुष्कळांनी केला, आणि बहुतेक युद्धातून आलेल्यांनी. १६ जुलै १९४४ च्या पत्रात जर्मन पाळक बॉनहॉफर नात्सींच्या तुरुंगातून लिहितो की दुःख सोसणारा देवच मदत करू शकतो. जपानमध्ये काझो कितामोरी यांनी १९४६ मध्ये देवाच्या वेदनेवरच आपलं ईश्वरविज्ञान उभं केलं. सर्वांत गाजले जर्मन ईश्वरविज्ञानी युर्गेन मोल्टमन. १९४३ च्या हॅम्बुर्गवरच्या बॉम्बहल्ल्यात शेजारी उभा असलेला मित्र मेला आणि सोळा-सतरा वर्षांचे मोल्टमन वाचले. १९७२ मध्ये त्यांनी लिहिलं: पुत्र मरण सोसतो आणि पिता पुत्राचं मरण सोसतो. हा पितृदुःखवाद नव्हे, कारण इथे पिता मरत नाही. दोघांचं दुःख वेगवेगळं आहे (फरकासाठी प्रश्न ४). आजींचं वाक्य आणि मोल्टमन यांचं वाक्य शेजारी ठेवा, एकच आहेत.

विरोधात कार्ल रानर या येशूसंघी (जेझुइट) पंडिताचा जबाब आहे, आणि तो खणखणीत आहे: मी ज्या गर्तेत आहे तिथेच देवही अडकला असेल तर माझी सुटका कशी व्हायची? मी स्वतः सिरिलकडे झुकते. पुत्राने देहात सगळं सोसलं, आणि त्याचं सोसणं पित्याला परकं नाही, हे मला पुरतं. पित्यालाही पोटात कळ आली असं म्हटलं की आपण आपलं मन वर नेऊन चिकटवतोय असा संशय येतो. मोल्टमनवाले म्हणतील, मग रोमकरांस ८:३२ मध्ये 'स्वतःच्या पुत्राला राखून ठेवलं नाही' या शब्दांत पुत्राचं बलिदान द्यायला निघालेल्या अब्राहामाचा आवाज ऐकू येत नाही का? येतो. तिथे माझी बाजू लंगडी आहे.

आजींना यातलं मी काहीच सांगितलं नाही. पुढच्या रविवारी लूक १५ काढून दिला. मुलगा दूर असतानाच बाप त्याला बघतो, त्याला कळवळा येतो, आणि तो धावत सुटतो. तिथला ग्रीक शब्द आतड्यांवरून आला आहे. आपण 'आतडं तुटतं' म्हणतो, नेमकं तेच.

१२. आणि पवित्र आत्मा? त्याला दुःख होतं का?

इफिसकरांस ४:३० त्याला खिन्न करू नका म्हणतं, आणि रोमकरांस ८:२६ मध्ये तो शब्दांवाचून कण्हून आपल्यासाठी विनंती करतो. निर्विकारतेबद्दल प्रश्न ५ मध्ये जे म्हटलं तेच इथेही लागू.

१३. पंडिता रमाबाईंनी त्रैक्य मानलं नव्हतं म्हणे. खरं का?

काही काळ, हो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला. त्यामागे नीलकंठशास्त्री, म्हणजेच नेहेम्या गोरे, यांच्या पत्रांचा मोठा वाटा होता. बाप्तिस्मा झाला म्हणून बाईंनी डोकं गहाण टाकलं नाही. सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्रमुख डॉरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार आहे त्यात त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवत्व यांवर त्या बेधडक शंका काढतात. एका सनातनी पंडिताच्या या मुलीने संस्कृत शास्त्रं आणि ब्राह्मो समाजाचा एकेश्वरवाद दोन्ही पाहिले होते. इंग्लंडातल्या सिस्टरांनी म्हणावं आणि यांनी मान डोलवावी हे होणार नव्हतं. वाँटेजच्याच सिस्टरांचं काम पुण्यातल्या आपल्या पंचहौद मिशनात होतं. (पंचहौद म्हटलं की पुणेकरांना टिळक-रानड्यांनी मिशनात घेतलेला १८९० चा चहा आणि त्यावरून झालेलं ग्रामण्यच आठवतं. मिशनात काम चहापुरतं नव्हतं.)

पुढे १८९० मध्ये शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं, मग केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि बाईंच्या लिखाणात हा वाद मागे पडून तारणारा येशू पुढे आला. मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेलं मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये निघालं. शंका विचारणाऱ्या पोरीला वर्गातून गप्प बसवणाऱ्यांना मी हे सगळं मुद्दाम ऐकवते.

१४. आमच्याकडे एक काका प्रार्थनेत 'हे स्वर्गीय पित्या, तू आमच्यासाठी वधस्तंभावर मेलास' म्हणतात. त्यांना थांबवू का?

प्रार्थना चालू असताना मुळीच नाही. काका प्रॅक्सियसचे शिष्य नाहीत. 'पित्या' म्हणून सुरुवात केली आणि मध्येच येशूशी बोलायला लागले, इतकंच झालंय. डोळे मिटून पाच मिनिटं अखंड बोलताना कोणाचंही होतं. नंतर एकटं गाठून सांगा: पित्याला म्हणावं 'तू पुत्र दिलास', पुत्राला म्हणावं 'तू मेलास'. पण छापील उपासनेत किंवा पडद्यावर दाखवायच्या प्रार्थनेत हीच चूक असेल तर ती आधीच दुरुस्त करून घ्या, कारण तिथे वाचणारे शंभर जण तेच तोंडपाठ करतात.

गेल्या लेंटमध्ये वर्गाच्या शेवटी मीच प्रार्थना केली आणि नेमकं हेच बोलून गेले. कोणाच्या लक्षात आलं नाही असं वाटलं. चहाच्या रांगेत बारावीतली एक मुलगी मागून हळूच म्हणाली, "ताई, प्रश्न चार."